बंडी फिरवून दाखवा

सोमवारी दिवस मावळायच्या आधी आम्ही दोघं अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. मधे परात, बाजूला टोपलं. शेंगा सोलणं काही डोक्याचं काम नाही. पण माझी बायको कुसुम तेसुद्धा तिच्या रीतीनं करायची. आधी अंगठ्यानं शेंग दाबायची, दाणा भरला आहे का पाहायची, मग सोलायची. मी हाताला येईल ती सोलत होतो. माझ्या दाण्यांत किडका दिसला की तो उचलून ती माझ्या पुढ्यात ठेवायची. बोलायची काही नाही. नुसता ठेवायची. त्याचा मला फार राग यायचा.

"भाजी खायची हाय का परीक्षा घ्यायची हाय?" मी म्हणलं.

"अळी निघाली तं तुमच्याच ताटात वाढीन," ती म्हणाली. मग शेंग दाबत दाबत, "मयुरीचे बाबा, परवा शाळेत कॉम्प्युटरची गाडी येऊन राह्यली. खोक्यावरचं नाव वाचून सही देऊन टाकतीन ते लोक. तसं नाही होऊ द्यायचं. बाराच्या बारा चालवून पाहाचे. एकदमच चालवाचे. खिडक्या लावून."

"थंडीत खिडक्या कोन उघडते?"

"पोट्टे उघडतात. लावून घ्यायच्या. तापल्याबिगर मशीन खरं बोलत नाही."

"मले काहून सांगतं? तू जाशीनच ना."

"जाईनच. सांगून ठेवलं."

ते आमचं शेवटचं बोलणं म्हणायचं. त्याच्यानंतर गोळी घेतली का, दार लावलं का, एवढंच. मंगळवारी सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. जन्मभर प्रत्येक वस्तू चालवून पाहणाऱ्या बाईनं जाताना आम्हाला काही पाहू दिलं नाही.

हेडसर म्हणाले, काकाजी, शाळेच्या अंकासाठी बाईंबद्दल दोन शब्द लिहून द्या, चांगलं चांगलं लिहा. मी सातवीत शाळा सोडली आणि पुढची सगळी वर्षं पांढरकवड्याला हायवेवर ट्रकच्या बॉड्या बनवल्या. चांगलं चांगलं ते लिहितील. मी जे भोगलं ते लिहितो.

लोक आता सांगतात, बाई फार शिस्तीच्या होत्या. शिस्तीची नव्हती. तापदायक होती. शाळेत ती शिवणकाम शिकवायची, आणि गणवेशही तीच शिवायची. पोरगं शर्ट घ्यायला घरी आलं की त्याला तिथंच घालायला लावायची. "हात वर कर. आता खाली वाक. आता उकिडवा बस. आता चेंडू फेकल्यासारखं कर." पोरगं लाजायचं, त्याची माय पदरात तोंड लपवून हसायची. काखेत जरा ओढलं की शर्ट परत. मी म्हणायचो, अवं, बसला ना अंगात, दे ना. ती म्हणायची, "उभं राह्यल्यावर कोनालेबी बसते. हा काय उभा राहाणार हाय का?"

माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला तिनं झाकण आणि बटन लावलेलं. काहून, तर मी ट्रकखाली वाकलो की खिशातली पेन्सिल, टेप, विडी सगळं ऑइलमध्ये पडायचं. आता मला सांगा, विडी काढायला दर वेळी बटन कोण सोडते? मी ते कधी लावलंच नाही. आणि घरातून निघालो की मागून तिचा एकच शब्द यायचा. "बटन." जवळजवळ चाळीस वर्षं. मी मुद्दाम वळून पाहायचो नाही.

तिचं पहिलं पायाचं शिलाई मशीन घ्यायला आम्ही यवतमाळला गेलतो. मी मालकाला सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलेली. दुकानात गेलो, मशीन छान, काळं कुळकुळीत, सोन्याची नक्षी. दुकानदारानं मलमलचा तुकडा घेऊन सर्रकन टीप मारून दाखवली. मी म्हणलं, बांधा. कुसुमनं पिशवीतून गोधडीचा तुकडा काढला. जुनं लुगडं, चादर, पँटीचं जाड कापड, असे आठ-दहा पदर. म्हणाली, "याच्यावर मारून दाखवा."

दुकानदार म्हणाला, "ताई, गोधडी शिवायला घेता का मशीन?"

"गणवेश शिवाले. पन पट्ट्याजवळ एवढाच जाड येते तो."

सुई मोडली. दुसरं मशीन. त्याच्यात धागा तुटला. तिसरं, चौथं. सातव्या मशीननं गोधडी शिवली, ते जुनाट दिसणारं, नक्षीबिक्षी काही नाही. तेच घेतलं. आमची एसटी गेली. पुढची गाडी येईपर्यंत स्टँडवर मशीनच्या खोक्यावर बसलो, आणि मी तिच्याशी बोललो नाही. ते मशीन आजही चालते. हे मी तिला कधी म्हणलं नाही, ते सोडा.

जावयालासुद्धा तिनं सोडलं नाही. मयुरीला पाहायला तो पोरगा आला, पोहे झाले, चहा झाला, सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात आतून येऊन कुसुम म्हणाली, "गॅस संपला वाटते. बाबू, एवढं सिलिंडर बदलून देतं का?" पोराचा बाप माझ्याकडे पाहायला लागला. पोरगा उठला, बाह्या वर केल्या, सिलिंडर बदललं, साबणाचं पाणी लावून गळत नाही ना ते पाहिलं आणि हात धुऊन परत येऊन बसला. ते लोक गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "गॅस संपलाच नोयता. पन पोरगा चांगला हाय. साबन त्यानं स्वतःच्या मनानं मागितलं."

हे असं. आता कॉम्प्युटरचं सांगतो.

कुसुम शाळेतून निवृत्त झाली, तरी शाळा काही तिच्यातून गेली नव्हती. एका मोठ्या कंपनीनं शाळेला मदत द्यायचं कबूल केलं. त्यातून नवी प्रयोगशाळा करायची. पोरं कॉम्प्युटरवर वस्तूचं चित्र काढणार. आपण पाटीवर काढतो तसं नाही, चारी बाजूंनी. ते चित्र हातातल्या वस्तूसारखं फिरवता येते, उघडून आत पाहता येते. मग एक मशीन प्लास्टिकच्या धाग्याचे थरावर थर देऊन ती वस्तू खरी बनवते. त्या मशीनला धाग्याचं मोठं रीळ लागते. ते रीळ फोटोत पाहिलं आणि कुसुमचं ठरलं की हे खातं आपलंच आहे.

खरेदीसाठी समिती नेमली. कंपनीची अट होती की समितीत एक बाई पाहिजे. हेडसरांनी विचार केला, कुसुमबाई जुन्या, घरच्या, सांगू तिथं सही करतील. हेडसर भला माणूस आहे. पण ही चूक त्यांनी केली, आणि भोगली आम्ही सगळ्यांनी.

पहिल्या बैठकीला मीही होतो, टेबलांची मापं घ्यायला बोलावलं म्हणून. यवतमाळच्या पुरवठादाराचा माणूस एक नमुना घेऊन आलेला. सगळं स्क्रीनच्याच मागं, खाली डबा नाही, पांढराशुभ्र, काचेसारखा. असे वीस येतील म्हणाला. हेडसर खूश. उद्घाटनाला पाहुणे येतील, फोटो निघतील. सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. कागद कुसुमकडे आला. तिनं चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला.

"याच्यावर पोट्टे काय काढतीन?"

"सगळं होते मावशी याच्यावर," तो माणूस म्हणाला.

"सगळं राहू द्या. एक सांगा."

मी टेप गुंडाळून दाराकडे सरकलो. मला माहीत होतं आता काय होणार.

तेव्हा निखिलसर म्हणाले, "बाई, माझ्याजवळ आहे एक." निखिलसर म्हणजे कॉम्प्युटर शिकवणारे, नवे, हडकुळे, सभेत कधी न बोलणारे. नववीच्या पोरांनी त्यांच्या लॅपटॉपवर दोन-तीन महिने बसून एक बंडी काढली होती. बैलबंडी. साधं चित्र नाही. चाकाचा एकेक आरा वेगळा, लोखंडी धाव वेगळी, कणा, जू, खिळासुद्धा वेगळा. पोरांनी गावात जाऊन खऱ्या बंडीची मापं आणलेली. सरांनी ती उघडली. उघडली म्हणजे उघडायला लावली. आमचा चहा आला, पिऊन झाला, कप उचलले, तेव्हा बंडी दिसली. फिरवायला गेले तर लॅपटॉपच्या आत घरघर सुरू झाली.

कुसुम खुर्ची ओढून पुढं बसली. "हेच," म्हणाली. "हे माझी गोधडी." आणि त्या माणसाला म्हणाली, "हे बंडी तुमच्यावर फिरवून दाखवा. मंग सही."

त्यानं पेन ड्राइव्ह लावला. बंडी आली. पाव वळसा घेतला आणि थांबली. उंदीर, म्हणजे माउस, हलवला, काही नाही. माणूस हसला, घाम पुसला, परत हलवला.

"बैल बसला," कुसुम म्हणाली.

"फाइल जड हाय मावशी. हलकी द्या एखादी."

"हलकं फडकं तं मी हातानंच शिवतो."

सही झाली नाही. त्या दिवसापासून माझ्या घरात शांतता राहिली नाही. रोज दुपारी ती निखिलसरांकडं जाऊन बसायची, आणि संध्याकाळी येऊन मला शिकवायची. मी जेवत असायचो. "मेमरी म्हंजे कापड बेताचा पाट. पाट लहान असला तं कापड घडी करून करून कापा लागते, वेळ जाते. सोळा जीबीचा पाट पाहिजे. अन् चित्र फिरवाले वेगळं कार्ड लागते. ते नसलं तं एकच मानूस कापते बी अन् शिवते बी, मंग बसते तो."

मी म्हणलं, "वरण वाढ."

"अन् उंदीर तीन बटनांचा पाहिजे. सरांनं सांगतलं. मधलं बटन दाबूनच फिरवतात. सस्ता उंदीर म्हंजे बोथट कात्री, पोराच्या बोटाले फोड येतीन."

वरण मीच घेतलं वाढून.

मे महिन्यात तिनं मला नागपूरला नेलं. निखिलसर सोबत. मी काय करायला, तर पिशवी धरायला. पेन ड्राइव्ह तिनं बॉबिनच्या डबीत ठेवला होता, डबी रुमालात, रुमाल पिशवीत. मोठं दुकान, थंडगार, मला तर तिथंच झोप यायला लागली. दुकानदार गोड माणूस, पाणी दिलं, सरबत दिलं. त्यानं एक डबा जोडून दिला, निखिलसरांनी बंडी लावली. फिरली. मस्त फिरली. मी म्हणलं, चला.

कुसुम म्हणाली, "एसी बंद करा."

दुकानदाराला वाटलं तिला थंडी वाजते. "मॅडम, कम कर देता हूं."

"कमी नाही. बंद. आमच्या शाळेत एसी नाही."

"मॅडम, मई का महिना है."

"आमच्या इथं बी एप्रिल येते."

त्या बिचाऱ्यानं खरंच एसी बंद केला. दुसरे गिऱ्हाईक आत यायचे, तोंड पुसायचे, निघून जायचे. कुसुम स्टुलावर बसली, मनगटावरचं घड्याळ समोर काढून ठेवलं. तासभर बंडी फिरवायची म्हणाली. वीस मिनिटांत पहिल्या डब्यानं मान टाकली. मग एक लॅपटॉप आणला. तो असा तापला की तिनं त्याच्यावर हात ठेवून दुकानदाराला विचारलं, "इस्त्री बी होते का याच्यानं?" तिसरा डबा साधा, काळा, मोठा, बाजूला जाळी. दुकानदारालाही तो दाखवायची हौस नव्हती. तो तासभर चालला. बंडी थांबली नाही. आमचे सगळ्यांचे शर्ट अंगाला चिकटले होते. दुकानदार हात जोडून म्हणाला, "मॅडम, हो गया?"

"हा," ती म्हणाली. "आता लावा एसी. आमच्या मानसाले गरम होऊन राह्यलं."

परत येताना मी तिला म्हणलं, यापुढे मला कुठं नेऊ नको.

मग हेडसरांशी भांडण. तसले चांगले डबे मदतीच्या पैशात वीस बसत नव्हते, बारा बसत होते. हेडसर म्हणाले, बाई, वर्गात पोरं जास्त, वीसच घेऊ, जरा साधे घेऊ. ती म्हणाली, "सर, मी शिवनाच्या वर्गात दोघी दोघींले एक मशीन दिलं. एक शिवते, एक कापड धरते. धरनारी बी शिकते. पन बंद मशीनपाशी बसून कोनी शिकलेलं मी नाही पाह्यलं." हेडसर तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी त्यांना सांगितलं, सर, तीन दिवस काहीच नाही. शेवटी बारा ठरले. यवतमाळचाच पुरवठादार देणार, पण तोच काळा डबा, आतलं सगळं तेच. ते कागदावर लिहून घेतलं. कागदपत्रं फिरता फिरता दिवाळी उलटली.

टेबलं मी बनवली. लोखंडी अँगल, वर जाड प्लाय, खाली डब्यासाठी कप्पा, मागून पत्रा लावून बंद. सुंदर दिसत होती. बाराही झाली तेव्हा ती पाहायला आली. खाली वाकली, कप्प्यात हात घातला, आणि तसाच धरून बसली. मी म्हणलं, काय झालं?

"वारा कुठून येईन?"

"समोरून."

"अन् जाईन कुठून? ट्रकच्या इंजिनासमोर तुम्ही जाळी ठेवता ना? का तिथं बी पत्रा ठोकता?"

बारा टेबलांचा पत्रा कापायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. तेही माझ्याच धंद्यातलं मला शिकवून, शिपायासमोर. माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "तू मेल्यावर तरी मले शांतता भेटन."

शिपाई दुसरीकडं पाहायला लागला. कुसुमनं हात बाहेर काढला, साडीला पुसला.

"पाहा एकदा चालवून," म्हणाली, आणि घरी गेली.

पत्रे मी कापले. चार दिवस बोललो नाही. मग बोललो, कारण चष्मा सापडत नव्हता. पण ते वाक्य मागं घेतलं नाही. मला वाटलं, वेळ आहे. एवढ्या वर्षांत मी तिला असं कितीदा म्हणलं असेल, आणि ती दुसऱ्या दिवशी भाकरी टाकतच होती. तोंडातून गेलेलं माघारी घ्यायची गरजच कधी पडली नव्हती.

मंगळवारी सगळं झालं. मयुरी आणि जावई दुपारपर्यंत पोचले. शाळेला सुट्टी दिली, पोरं रांगेनं आली. विहारातल्या बायांनी सगळं सांभाळलं, वंदना झाली. हेडसर माझ्याजवळ येऊन बसले. जाताना म्हणाले, "काकाजी, उद्या त्या गाडीचं काही मनावर घेऊ नका. आम्ही पाहून घेतो."

पाहून घेतो. मी त्या वेळी मान हलवली. संध्याकाळी माणसं गेल्यावर खाटेवर बसलो. घर एकदम शांत. तेव्हा ते 'पाहून घेतो' डोक्यात खटकायला लागलं. ते काय पाहणार? खोक्यावरचं नाव पाहणार. कुसुम मेली आणि मला काम लावून गेली. सोमवारीच लावलं होतं, मला समजलं नव्हतं एवढंच.

बुधवारी सकाळी उठलो. अंगणात परात तशीच कोपऱ्यात झाकलेली होती, सोमवारचे तुरीचे दाणे. मी तिकडं गेलो नाही. तिच्या शिलाई मशीनचा खण उघडला. बॉबिनची डबी होती. हलवली, वाजली. शर्ट घातला, डबी खिशात टाकली, सायकल काढली.

मयुरी बाहेर आली. "बाबा, आज कुठं निघाले?"

"शाळेत."

"आज?"

आमच्यात सुतक पाळत नाहीत. तरी शेजारची बाई कुंपणावरून पाहत होतीच. माणसं बोलतील ते मला माहीत होतं. जावई म्हणाला, "मी नेतो गाडीवर." मी म्हणलं, तू थांब, लोक भेटायला येतीन, घरात मानूस पाहिजे. त्यानं काही विचारलं नाही. पोरगा चांगलाच आहे तो.

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा खोकी फोडून झाली होती. काळे डबे माझ्या कप्प्यांत बसले होते, मागं पत्रा कापलेला. पुरवठादाराचा तोच माणूस, हातात कागद. हेडसर सही करायला पेन शोधत होते. मला पाहून तो माणूस बाजूला सरकला.

हेडसर म्हणाले, "काकाजी, तुम्ही कायले आले? आम्ही..."

"सही मी नाही करत. मी समितीत नाही," मी म्हणलं. डबी काढून निखिलसरांच्या हातात दिली. "बंडी फिरवून दाखवा. बाराच्या बारावर. एकदम."

निखिलसरांनी डबी उघडून पेन ड्राइव्ह काढला. मग एकेका डब्यावर बंडी उतरवत गेले. तो माणूस म्हणाला, "काका, मला पुढं आर्णीला जायचं हाय, गाडी खोळंबली."

"जाजो."

बारा स्क्रीन, बारा बंड्या. सगळ्या फिरायला लागल्या. आरे मोजता येतील इतक्या साफ. मी ती बंडी इतकी नीट कधी पाहिलीच नव्हती. नागपुरात तर मी घामच पुसत होतो. तो माणूस कागद पुढं करून म्हणाला, "झालं ना काका?"

मी म्हणलं, "खिडक्या."

त्याला कळलं नाही. निखिलसर उठायला गेले, पण त्यांच्या आधी हेडसर उठले. एकेक करून सगळ्या खिडक्या त्यांनी स्वतः लावल्या, कडी घातली, दारही लावलं. मग येऊन माझ्या बाजूच्या स्टुलावर बसले. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

आम्ही बसलो. बारा डब्यांचा आवाज भरून राहिला, लांबून ट्रक येतो तसा. खोली हळूहळू गरम झाली. मी मफलर काढला. अर्धा तास झाला तशी सातव्या टेबलावरची बंडी अडखळली, मग थांबली. थोड्या वेळानं अकराव्यावरची. बाकीच्या दहा फिरत राहिल्या, तास भरेपर्यंत.

निखिलसरांनी सातवा उघडला. आतल्या पंख्याची वायर सुटली होती. गाडीत हादरे बसून. ते आमच्या रस्त्याचं काम, त्याच्यात कोणाचा दोष नाही. वायर बसवली, बंडी फिरली. अकराव्यात कार्डच वेगळं निघालं, लहान. तो माणूस खाली पाहून म्हणाला, गोडाऊनमधून चुकून आलं असेल. असेल. तो डबा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. नुसता ठेवला.

"दुसरा पाठवतो काका. एकाच डब्याचा तर प्रश्न आहे, सही तर..."

हेडसरांनी पेनाचं टोपण लावलं. "दुसरा येऊ द्या," म्हणाले. "तो आला की काकाजींले बोलावतो. मंगच सही."

"खिडक्या लावून ठेवा," मी म्हणलं.

निखिलसरांनी पेन ड्राइव्ह डबीत ठेवून डबी मला दिली. मी ती खिशात टाकली आणि बाहेर आलो. सायकल काढायला वाकलो, तशी डबी सरकली आणि खिशाच्या तोंडाशी आली. मी उभा राहिलो. डबी आत ढकलली, झाकण खाली ओढलं. ते बटन इतक्या वर्षांत कधी लावलं नव्हतं, त्यामुळे काज घट्ट होतं. बोटांना सापडेना. सायकल भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी लावलं, आणि मग घरी गेलो.